अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत नोकरी लागली? घर घेण्याआधी काउंटी वाचायला शिका

रेसिडेन्सी संपत आलेल्या आणि जे-१ व्हिसाच्या वेव्हरमागे (दोन वर्षं मायदेशी परतायच्या अटीतून मिळणाऱ्या सुटीमागे) लागलेल्या मराठी डॉक्टरांच्या हातात हमखास एखाद्या अशा गावाचं ऑफर लेटर पडतं, ज्याचं नाव घरात कुणी ऐकलेलं नसतं. कॉनरॅड ३० योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० वेव्हर मिळतात आणि बदल्यात डॉक्टरने टंचाईच्या भागात ३ वर्षं काम करायचं असतं. टंचाईचा भाग म्हणजे बऱ्याचदा ग्रामीण काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा एक भाग. अन्नप्रक्रिया आणि पवनऊर्जेतले इंजिनिअरही हल्ली अशाच ठिकाणी पोचतात. पगार बरा असतो, 'तिकडे घरं स्वस्त' असं जो तो सांगतो, आणि मग कुटुंब मोटेलच्या एका खोलीत बॅगा उघडून घर शोधत बसतं.

तसं होऊ नये म्हणून काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बघायचं ते इथे मांडलं आहे. उदाहरणाला कॅन्ससच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडची फिनी काउंटी घेतली आहे. ग्रामीण काउंटी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं चित्र आणि प्रत्यक्ष यांतला फरक तिथे फार ठळक दिसतो. क्षेत्रफळ साधारण ३,३७० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडं कमी. गोव्यात २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं होती, फिनीत २०२० साली ३८,४७०. त्यांतली २८,१५१ एकट्या गार्डन सिटीत, सव्वादोन हजार शेजारच्या हॉल्कममध्ये, आणि उरलेली आठेक हजार गावाबाहेर आणि शेतवस्त्यांवर.

पायरी १ : आकडे कुठून घ्यायचे आणि त्यांवर किती विसंबायचं

सेन्सस ब्यूरोच्या संकेतस्थळावर 'क्विकफॅक्ट्स' नावाचं पान आहे. काउंटीचं नाव टाकलं की एका दमात सगळं समोर येतं. तिथे थांबू नका. त्याच ब्यूरोच्या डेटा विभागात डीपी०२ ते डीपी०५ असे चार तक्ते आहेत: सामाजिक माहिती, रोजगार-उत्पन्न, घरं आणि लोकसंख्या. तुमच्या कामाचे खरे हे चार.

हे तक्ते अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या ब्यूरोच्या नमुना पाहणीवर आधारलेले असतात, आणि छोट्या काउंटीत पाय घसरतो तो इथे. ज्या भागाची लोकसंख्या ६५ हजारांच्या वर, त्याचेच दरवर्षीचे आकडे वेगळे येतात. त्याखालच्या काउंटीला पाच वर्षांची मिसळ मिळते. '२०१९-२०२३' असं वर लिहिलेलं असेल तर त्यातल्या भाड्याच्या आकड्यात कोविडच्या आधीचे करारही आहेत. ब्यूरो महागाईचा हिशेब लावून रकमा एका पातळीवर आणतो हे खरं, पण एखाद्या गावात भाडं महागाईच्याही पुढे पळालं असेल तर ते त्यात दिसत नाही. त्यामुळे तक्त्यातलं भाडं हा तळ समजा. प्रत्यक्षात त्याहून जास्तच मोजावं लागेल.

प्रत्येक आकड्याशेजारी 'मार्जिन ऑफ एरर'चा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो याचा रकाना असतो. तो लपवायची सोय आहे म्हणून लपवू नका. फिनीसाठी तो सुसह्य आहे. पण कोलोरॅडोच्या सीमेवरच्या ग्रीली काउंटीत जेमतेम तेराशे माणसं राहतात. तिथे एखाद्या छोट्या गटाचं उत्पन्न किंवा भाडं वाचताना चूक आकड्याएवढीच मोठी निघू शकते.

आणखी एक खाचखळगा: काउंटीत तुरुंग आहे का ते बघा. कैदी जिथे कोंडलेले असतात तिथलेच रहिवासी म्हणून मोजले जातात. कॅन्ससच्या नॉर्टन काउंटीत राज्याचा तुरुंग आहे; तिथलं पुरुषांचं प्रमाण आणि वयोगट वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

भाड्याचा दुसरा पुरावा म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचं, म्हणजे हडचं, 'फेअर मार्केट रेंट'. ते काउंटीनिहाय दरवर्षी जाहीर होतं. त्यात वीज-गॅस-पाणी धरलेलं असतं, आणि ते मधलं भाडं नसून ४० टक्क्यांच्या पायरीवरचं असतं, म्हणजे मध्याच्या जरा खालचं.

पायरी २ : गावाचं पोट कशावर चालतं

घराकडे जाण्याआधी हे का, असं वाटेल. पण ग्रामीण काउंटीत घराची किंमत, शाळेची अवस्था आणि इस्पितळाचं भवितव्य एकदोन मालकांच्या हातात असतं. ते कोण, हे आधी शोधायचं.

फिनीची साखळी उपग्रहाच्या नकाशावरसुद्धा दिसते. जमिनीवर हिरवी-तपकिरी वर्तुळं आखलेली दिसतात. ती मध्यभागी खिळलेल्या आणि गोल फिरणाऱ्या सिंचनयंत्रांची. पाऊस वर्षाला १८-१९ इंच, आर्कान्सा नदीचं पात्र गार्डन सिटीजवळ बहुतेक काळ कोरडं, तरी मका उभा असतो, कारण खाली ओगलाला जलसाठा आहे. मका फीडलॉटमधल्या, म्हणजे मांसासाठी गुरं पोसायच्या मोठ्या आवारांतल्या गुरांना जातो, गुरं हॉल्कमजवळच्या कत्तलखान्यात जातात आणि तिथून मांसाचे खोके रेफ्रिजरेटेड ट्रकमधून देशभर. हा कारखाना आयबीपी कंपनीने १९८० च्या डिसेंबरात सुरू केला. २००१ मध्ये टायसनने आयबीपी विकत घेतली. जवळपास ३,८०० कामगार आणि दिवसाला सुमारे ६ हजार गुरं असा त्याचा पसारा. २०१७ मध्ये डेअरी फार्मर्स ऑफ अमेरिकेचा दूध पावडरचा कारखाना गार्डन सिटीत आला. बाकी मोठे मालक म्हणजे शाळा, इस्पितळ आणि काउंटीच.

एका मालकावर गाव उभं असणं म्हणजे काय, हे तीन प्रसंगांवरून कळतं. २००० च्या नाताळच्या दिवशी गार्डन सिटीतला कॉनअ‍ॅग्राचा मांस कारखाना जळाला. सुमारे २,३०० जणांचं काम गेलं आणि तो कारखाना पुन्हा उघडलाच नाही. ९ ऑगस्ट २०१९ ला हॉल्कमचा टायसन पेटला. या वेळी कंपनीने कामगारांचा आठवड्याचा पगार चालू ठेवला आणि डिसेंबरपर्यंत कारखाना सुरू केला. दोन्ही आगीच, पण गावावरचा परिणाम किती वेगळा. तिसरा प्रसंग शेजारच्या राज्यातला. नोव्हेंबर २०२५ मध्ये टायसनने नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. साधारण ११ हजार वस्तीच्या गावात ३,२०० नोकऱ्या. इथे आगबीग काही नव्हती. दुष्काळाने देशातलं गोधन १९५१ नंतरच्या नीचांकावर आलं, गुरं महागली, कारखान्यांना पुरेनाशी झाली.

म्हणून ऑफर आली की स्वतःला विचारा: पहिला मालक उद्या गेला तर दुसरा कोण? तुम्ही डॉक्टर असलात तरी हा प्रश्न तुमचाच आहे, कारण कामगारांचा विमा गेला की इस्पितळाचं उत्पन्नही आटतं. पाण्याचाही प्रश्न विचारा. ओगलाला उपसला जातो तेवढा भरत नाही. या भागाच्या भूजल व्यवस्थापन जिल्हा क्र. ३ चं कार्यालय गार्डन सिटीतच आहे, आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्याची बातमी दिसली तर ती वगळून पुढे जाऊ नका.

उत्पन्नाच्या तक्त्यात घरटी आणि दरडोई असे दोन्ही आकडे बघा. कारखान्याच्या काउंटीत एका घरात दोन-तीन कमावते असतात. त्यामुळे घरटी उत्पन्न ठीक दिसतं आणि दरडोई खाली राहतं. नुसतं पहिलं बघणाऱ्याची फसगत होते.

पायरी ३ : शेजारी कोण

'ग्रामीण अमेरिका म्हणजे गोरी, म्हातारी' हे गृहीत घेऊन फिनीत गेलात तर पहिल्याच दिवशी ते उतरेल. काउंटीतली निम्म्याच्या आसपास माणसं हिस्पॅनिक आहेत. त्यांतल्या काही घराण्यांचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जातं, जेव्हा रेल्वे आणि १९०६ मध्ये निघालेल्या बीट साखर कारखान्यासाठी मेक्सिकन मजूर आले. १९८० नंतर आयबीपीमागोमाग व्हिएतनामी निर्वासित आले, पुढे सोमाली आणि ब्रह्मदेशातले. गार्डन सिटीच्या शाळांत हिस्पॅनिक मुलं बहुसंख्य आहेत.

सगळं गुण्यागोविंदाचंच होतं असं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सोमाली कुटुंबं राहत असलेली आणि आत मशीद असलेली इमारत बॉम्बने उडवायचा कट एफबीआयने उघडा केला, तीन जणांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. कट गावात शिजला म्हणून गाव वाईट ठरत नाही, पण नव्या माणसाने हे माहीत असलेलं बरं.

तक्त्यात 'एशियन' हा एकच रकाना बघून आपली माणसं आहेत असं समजू नका. तिथे व्हिएतनामी, ब्रह्मी, भारतीय सगळे एकत्र. खाली 'एशियन इंडियन' अशी वेगळी ओळ असते. ती बहुधा दोन-तीन आकडी निघेल, आणि त्यात मोटेलवाले गुजराती आणि डॉक्टर धरून. मराठी मंडळाच्या गणपतीला डेन्व्हर गाठायचं तर गाडीने पाचेक तास. विचिटा साडेतीन तास. मात्र स्वयंपाकघराचं फारसं अडत नाही: मेक्सिकन आणि व्हिएतनामी दुकानांत कोथिंबीर, मिरच्या, चिंच, तांदूळ मिळतात. पोळीची तहान टॉर्टियावर काही दिवस भागते, नंतर पीठ मागवावं लागतंच.

पायरी ४ : घर स्वस्त आहे, पण आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. किंमत कमी असणं आणि घर हाती लागणं यांत मोठं अंतर आहे.

डीपी०४ मध्ये एकूण घरं आणि रिकामी घरं दिलेली असतात. रिकाम्यांचा आकडा पाहून हायसं वाटतं. आता बी२५००४ हा तक्ता उघडा. तिथे रिकाम्या घरांची फोड आहे: भाड्याने द्यायची, विकायची, भाड्याने गेलेली पण माणूस यायचा बाकी, सुट्टीपुरती वापरायची, हंगामी मजुरांची, आणि शेवटी 'इतर'. तुमच्या उपयोगाच्या फक्त 'भाड्याने द्यायची' आणि 'विकायची' या दोन ओळी. डोंगरातल्या किंवा तळ्याकाठच्या काउंटीत 'सुट्टीपुरती' या एका ओळीतच शेकडो घरं अडकलेली असतात, शहरातल्या माणसांची, कुलूप लावलेली. गवताळ कॅन्ससमध्ये 'इतर'ची ओळ फुगते: मुलं शहरात गेली, म्हातारी वारली, घर शेतात एकटं उभं, छपराला भोक, वारसांत एकमत नाही. अशी घरं कागदावर रिकामी असतात, पण त्यांत राहता येत नाही.

मग नवीन बांधत का नाहीत? मजुरी आणि सामान शहराच्या भावाने पडतं, उलट बांधलेलं घर गावच्या भावाने विकावं लागतं. बिल्डरला परवडत नाही. म्हणून कॅन्ससमध्ये रस्ते-गटारांचा खर्च पुढच्या घरपट्टीतून भरून काढायची योजना आहे. गावात अशी एखादी नवी वसाहत चालू असेल तर तिची चौकशी करा. ताज्या भाड्याच्या जागा बऱ्याचदा तिथेच निघतात.

घराचं वय त्याच डीपी०४ मध्ये आहे. १९७८ च्या आधीचं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल लेखी कळवणं घरमालकाला केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. घरात रांगतं मूल असेल तर तो कागद नीट वाचा.

फिनीत मोबाइल होमचा, म्हणजे कारखान्यात बांधून आणून ठेवलेल्या ट्रेलरवजा घरांचा वाटा मोठा आहे. आयबीपी सुरू झाला तेव्हा हजारो कामगार आले आणि गावात त्यांना राहायला जागाच नव्हती. मग ईस्ट गार्डन व्हिलेजसारख्या मोठ्या ट्रेलर वसाहती उभ्या राहिल्या. तिथला व्यवहार समजून घ्या, कारण जाहिरातीतली किंमत वाचून भुरळ पडते. घर तुमचं, खालची जागा वसाहतीच्या मालकाची. जागेचं भाडं दरमहा, आणि ते वाढवणं त्याच्या हातात. नावाला 'मोबाइल' असलं तरी घर हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं असेल तर दुसरी वसाहत ते घेतही नाही. शिवाय वादळाचा भाग. वसाहतीला सामायिक आश्रयखोली आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भाड्याचं घर शोधताना मोठ्या संकेतस्थळांवर विसंबलात तर चार घरं दिसतील, त्यांतली दोन गेलेली असतील. बरीच घरं तोंडी किंवा फेसबुकवर जातात. सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे ज्याला तुमची गरज आहे तो मालक. करारावर सही होण्याआधी लेखी विचारा: पहिले दोन-तीन महिने राहायची सोय तुम्ही कराल का? इस्पितळं हे करतात, कारण घर न मिळाल्याने डॉक्टर हातचा गेल्याचा अनुभव त्यांना असतो. सही झाल्यावर हाच प्रश्न विचारला तर उत्तरात नुसत्या शुभेच्छा मिळतात.

पायरी ५ : विकत घ्यायचं का

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष भाड्याने राहा. एचवन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस मिळतात. नोकरी जायचं कारण मोठा मालक बंद पडणं हे असेल, तर त्याच आठवड्यात गावात शंभर घरं विक्रीला निघालेली असतील, आणि तुमचं त्यांतलंच एक. पगार आणि घर दोन्ही एकाच खुंटीला टांगू नयेत.

तरीही घ्यायचंच असेल तर कॅन्ससपुरत्या काही गोष्टी:

विक्रीची किंमत इथे जाहीर नोंद नसते. त्यामुळे संकेतस्थळांवरचे अंदाज अंधारात मारलेले असतात. काउंटी अप्रेझरने (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) ठरवलेली किंमत मात्र उघड असते आणि ती ऑनलाइन दिसते. शेजारची आठ-दहा घरं त्यात बघून घ्या.

घरपट्टी त्या किमतीच्या ११.५ टक्क्यांवर लागते. समजा अप्रेझरने २ लाख डॉलर ठरवले, तर कर लागतो २३ हजारांवर. दर 'मिल'मध्ये असतो. एक मिल म्हणजे हजारी एक डॉलर. गाव, काउंटी, शाळा सगळे मिळून १५० मिल धरले तर वर्षाला ३,४५० डॉलर. काउंटीतल्या काउंटीतही हद्द बदलली की मिल बदलतात, कारण गार्डन सिटीचा शाळा जिल्हा यूएसडी ४५७ आणि हॉल्कमचा यूएसडी ३६३, दोघांचा हिशेब वेगळा.

ग्रामीण भागातल्या बिनडाउनपेमेंट कर्जाची जाहिरात दिसेल. ते यूएसडीएचं, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याचं कर्ज. नुसत्या एचवन-बीवर ते मिळत नाही. मे २०२५ पासून एफएचएचं, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या हमीचं कर्जही कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झालं. राहतं साधं बँक कर्ज. डॉक्टर असाल तर गावातल्या बँकेत 'फिजिशियन लोन', म्हणजे डॉक्टरांसाठीचं खास कर्ज आहे का विचारा.

विम्यात गारपीट-वाऱ्याचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा वाटा, अनेकदा रकमेऐवजी टक्क्यात असतं. २ टक्के लिहिलं असेल तर २ लाखांच्या विम्यावर पहिले ४ हजार तुमचे. या भागात गारा हौसेने पडत नाहीत, छप्पर फोडतात. तळघर असेल तर वादळात आसरा होतो, पण जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची तपासणी करून घ्या. कॅन्ससच्या घरविक्रीच्या करारात त्याची सूचना छापलेलीच असते. गावाबाहेरचं घर म्हणजे स्वतःची विहीर आणि स्वतःची सेप्टिक टाकी. आजूबाजूला मका आणि फीडलॉट असताना पाण्यातलं नायट्रेट न तपासता घर घेणं म्हणजे धाडसच.

पायरी ६ : एकदा जाऊन या, आणि पहिला आठवडा

डॅलसहून गार्डन सिटीला छोटं विमान आहे. शिकागो-लॉस एंजेलिस रेल्वेही थांबते, पण रात्री-पहाटे. शक्यतो उन्हाळ्यात जा आणि गाडी भाड्याने घेऊन फिरा. वारा कुठून येतो ते बघा. कॅन्ससमध्ये तो बहुधा दक्षिणेकडून असतो, आणि फीडलॉट घराच्या दक्षिणेला असेल तर खिडक्या उघडायचा विषय संपला. स्थानिक लोक त्याला पैशाचा वास म्हणतात. घर बघायला संध्याकाळी उशिरा जा, तेव्हा खरं कळतं. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर एक चक्कर मारा. डिलन्स या किराणा दुकानात जाऊन महिन्याचं सामान भरून बघा.

पश्चिमेला कुणाला भेटायचं असेल तर घड्याळ सांभाळा. फिनी मध्य वेळेवर चालते, तिला लागून असलेली कर्नी काउंटीही. त्यापलीकडची हॅमिल्टन एक तास मागे आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या शाखेत बाह्यरुग्ण तपासायला जाणारे डॉक्टर यात गोंधळतात.

भाड्याचं घर ताब्यात आलं की ५ दिवसांच्या आत घरमालकासोबत फिरून घराच्या अवस्थेची लेखी यादी करायची असा कॅन्ससचा कायदा आहे. घरमालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही आठवण करा आणि गालिच्यावरचा प्रत्येक डाग फोटोत घ्या. बिनफर्निचरच्या घराला डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, फर्निचर असेल तर दीड महिना. पाळीव प्राणी असेल तर वर अर्धा महिना.

गाडीची नोंदणी काउंटी ट्रेझररच्या खिडकीवर होते आणि तिथे बाहेरून आलेल्यांना धक्का बसतो, कारण कॅन्ससमध्ये गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर आहे. नवी महागडी गाडी घेऊन येणार असाल तर ती रक्कम आधी ट्रेझररच्या कार्यालयात फोन करून विचारा. किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर मात्र १ जानेवारी २०२५ पासून शून्यावर आला आहे. पावतीवर दिसेल तो गावाचा आणि काउंटीचा.